शनिवारचा पितळी गोळा

“तक्रार नाही हो, पण हल्ली माझी दुपारची झोप मोडतच नाही.”

लिफ्ट चौघांची होती आणि आत पाच जण होते, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या मास्तरांचं हे गाऱ्हाणं थेट तिच्या कानात आलं. मास्तर बोलत होते शेजारच्या दातांच्या डॉक्टरशी. ती त्या दोघांच्या पाठीमागे, भाजीच्या पिशव्या छातीशी धरून कोपऱ्यात चेपली गेली होती.

“झोप मोडत नाही ही तक्रार?” दातांचे डॉक्टर म्हणाले.

“अहो, शनिवारी दुपारी आमच्या डोक्यावर काहीतरी पडायचं. ठण्ण! साडेतीन म्हणजे साडेतीन. ते पडलं की मी उठायचो, चहा टाकायचो, फिरायला जायचो. गेले दोन-अडीच महिने काही पडतच नाही. मागच्या शनिवारी उठलो तो सहाला! मग रात्रभर टक्क जागा.”

“मग सांगा की वरच्यांना. टाका म्हणावं काहीतरी.”

“कुठल्या तोंडानं? आठ वर्षं ‘टाकू नका’ सांगायला जिना चढायचं मनात घोळतंय माझ्या.”

लिफ्ट थांबली. मास्तर उतरता उतरता वळले, आणि पिशव्यांच्या वर त्यांना तिचं तोंड दिसलं. “अरे, तुम्ही! गंमत हो, गंमत करत होतो,” म्हणाले आणि पळाले. तीही हसली, अशा वेळी हसतात तशी. दार लागलं. मास्तरांच्या मजल्यापासून स्वतःच्या मजल्यापर्यंत तिनं पिशव्यांच्या बंदांवर बोटं मोजायला घेतली. एक शनिवार, दोन शनिवार. दहा बोटं संपली तरी शनिवार उरलाच.

जो पडायचा तो एक पितळी गोळा होता, मोठ्या लिंबाएवढा, हातात घेतला की वजन जाणवेल असा. तिचा नवरा लिफ्ट तपासायचा. सगळी इमारत त्याला ‘साहेब’ म्हणायची आणि कामावरची माणसं पाठीमागे ‘अयोग्य’ म्हणायची, कारण कागदावर तो शब्द लिहायला त्याचा हात कधी कचरला नाही. त्यानं ‘अयोग्य’ लिहिलं की बावीस मजल्यांची माणसं जिन्यानं चढायची आणि त्याच्या नावानं बोटं मोडायची. फार जुन्या लिफ्टमध्ये असे दोन गोळे एका दांड्याभोवती गरगर फिरत असत. लिफ्ट भलत्या वेगानं खाली यायला लागली की गोळे बाहेर फेकले जायचे आणि ब्रेक लागायचा. अशी एक लिफ्ट मोडीत निघाली तेव्हा त्यानं एक गोळा मागून घेतला होता. आठवण म्हणून, असं लोकांना सांगितलं होतं. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

ती काम करायची पायांचं. ज्यांचे पाय बिघडलेत त्यांच्यासाठी बूट बनवणारा एक कारखाना होता. खाली मशीन, वर तपासणी. वरच्या खोलीत माणूस डोळे मिटून बसायचा आणि ती एक बारीक नायलॉनचा तंतू त्याच्या तळव्याला दहा ठिकाणी टेकवायची. कळलं की ‘हो’ म्हणायचं, एवढंच. जिथे ‘हो’ येत नाही तिथलं कातडं मेलेलं, तिथे बूट मऊ हवा. तेवीस-चोवीस वर्षांची असल्यापासून ती माणसांना हेच विचारत आली होती, लागतंय का, लागतंय का. बहुतेक पाय गप्प असायचे.

तिथेच तर ते भेटले. सासरे तेव्हा सासरे नव्हते, नुसते अण्णा नावाचे एक रागीट पेशंट होते. त्यांना घेऊन त्यांचा मुलगा आला होता. दहापैकी नऊ ठिकाणी अण्णांना काही कळलं नाही. खोलीत अशी शांतता पसरली की मुलाला ती सोसवेना. “माझेही बघा की,” म्हणून त्यानं बूट काढला. तंतू पहिल्याच जागी टेकला आणि तो मोठा, गंभीर चेहऱ्याचा माणूस किंचाळून असा हसला की स्टूल उलथं, तंतूंची डबी जमिनीवर आणि अण्णासुद्धा हसले. त्या खोलीत पायांना हसताना तिनं पहिल्यांदा पाहिलं. पुढं चार महिन्यांनी लग्न. त्यानंतर दोन वर्षांनी अण्णांचा पाय गुडघ्याखाली कापला. तेव्हा अण्णा छप्पन्न वर्षांचे होते.

आता तिचा नवरा पंचावन्नचा होता.

शनिवारच्या गोष्टीला त्यांनी नाव दिलंच नाही. ‘गुदगुल्या’ हा शब्द दुपट्यातल्या पोरांसाठी ठीक. पन्नाशीच्या माणसांनी तो उच्चारायचा म्हणजे आपलंच आपल्याला कसंतरी होतं. कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, की हा माणूस आठवडाभर सगळ्यांचा ब्रेक असतो. लिफ्टचा, कचेरीचा, बहिणीचा, घराचा. शनिवारी दुपारी दीड-दोन तास त्याला काहीही सांभाळायचं नसतं. पण कुणी विचारलं नव्हतं.

मुलगी लहान होती तोवर तिच्या शिकवणीच्या वेळा बघून चालायचं. ती परगावी शिकायला गेल्यावर शनिवार पक्का झाला. तो पलंगावर उताणा झोपायचा. एका हातानं उशामागची दांडी धरायची, दुसरा हात पलंगाबाहेर लोंबता, त्यात गोळा. पाय ओढून घ्यायचे नाहीत. गोळा हातात आहे तोवर मालकी तिची. कुठे, किती, कधी थांबून पुन्हा सुरू, सगळं ती ठरवणार. तोंडानं त्यानं काहीही ओरडावं, नको, मेलो, दया कर, त्याला किंमत शून्य, कारण तेच तर त्याला मनसोक्त ओरडायचं असायचं. गोळा सुटला, फरशीवर ठण्ण झालं, की तिचा हात त्या क्षणी थांबलाच पाहिजे, हवेत असेल तर हवेत. ही अट त्याचीच. “ब्रेक चालवणाऱ्याकडे नको,” तो म्हणाला होता, “आत बसलेल्याकडे हवा.” इतक्या वर्षांत तिनं ती एकदाही मोडली नव्हती. गोळा पडला की ती त्याच्या छातीवर तळवा ठेवून बसायची. कधी कधी हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागायचे आणि ते हसण्याचं पाणी नसायचं. तीही काही विचारायची नाही.

आणखी एक. बाहेर ती त्याला ‘अहो’ म्हणायची, त्या खोलीत ‘तू’. ‘अहो’ दाराबाहेर चपलांसारखा काढून ठेवलेला असायचा.

किल्ली लावताना हे सगळं तिच्या डोक्यात एकदम गर्दी करून उभं राहिलं. गेले दोन महिने तिची समजूत काय होती? तो निबर झालाय. आपल्यासाठी जास्त सोसतोय. मनातल्या मनात ती थोडी फुशारलीही होती. आता मास्तरांच्या झोपेनं त्या समजुतीला टाचणी लावली. कधीच न लागणारा ब्रेक म्हणजे चांगला ब्रेक, असं तिचा नवरा तरी कधी लिहील का?

आत वन्सं आल्या होत्या. त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी बहीण, दर शुक्रवारी येणारी.

“ये गं, दमलीस. चहा मीच केलाय,” वन्सं म्हणाल्या. “तुझ्या नवऱ्याचा बिनसाखरेचा.”

“का म्हणून?” तो डब्यातून दोन चमचे साखर घालत म्हणाला. “मी काय आजारी आहे?”

“आजारी कोण म्हणतंय? वजन म्हणते मी.”

“वजनाला काय धाड भरलीय? लिफ्टमध्ये माझ्यासह चौघं बसतात.”

“आज पाच बसले,” ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. वन्संनी चमच्याकडे बघितलं, मग भावाच्या पायांकडे. त्यानं घरात मोजे घातले होते. “थंडी वाजते?” त्यांनी विचारलं.

“फरशी गार लागते.”

“अण्णांनाही...” वन्सं म्हणाल्या, आणि थांबल्या. “अण्णांनाही ही कपबशी फार आवडायची.”

या घरात ती गोष्ट नेहमी अशीच कपबशीवर येऊन थांबायची. ‘अण्णांचं ते झालं तेव्हा’, ‘ते सगळं’, ‘त्या वर्षी’. रोगाला नाव नव्हतं. वन्संच्या गोळ्या पर्सच्या चोरकप्प्यात असत आणि त्या स्वयंपाकघरात पाठ वळवून घेत. तिनं लग्नानंतर एकदा, एकदाच, “तुम्हीही तपासून घ्या ना,” म्हटलं होतं. त्यावर तो तीन दिवस बोलला नव्हता. चौथ्या दिवशी बोलला तो लिफ्टविषयी. पुन्हा तिनं विषय काढला नाही. तिला वाटायचं, विषय न काढायला कारण काय? पाय हसतायत की. दर शनिवारी आपण स्वतःच्या हातानं तपासतोय की.

शनिवारी सकाळी कारखान्यात अर्धा दिवस होता. पहिलाच पेशंट म्हणजे तीस वर्षं चालून निवृत्त झालेला पोस्टमन. डोळे मिटून बसला आणि ती तंतू टेकवायला लागली.

“हो,” पोस्टमन म्हणाला. “हो. हो. हो.”

फार तालात. ठेका धरल्यासारखा. अशांसाठी तिच्याकडे जुनी युक्ती होती. तिनं हात नेला, पण तंतू टेकवलाच नाही. कातड्यापासून बोटभर अंतरावर हवेत धरला.

“हो,” पोस्टमन म्हणाला.

ती कधी रागवायची नाही. ही माणसं तिच्याशी खोटं बोलत नसत, ती आपल्या पायांची बाजू घेत असत. नेहमीप्रमाणे ती म्हणणार होती, “दादा, आता डोळे उघडा.” पण तंतू तसाच हवेत राहिला आणि तिच्या डोळ्यांसमोर कपाटाचा आरसा आला. त्यांच्या खोलीतला, पलंगाच्या पायथ्याकडचा. त्या आरशात झोपलेल्या माणसाला तिचा खांदा दिसतो. गेले कितीतरी शनिवार तो डोळे मिटत नव्हता. आरशाकडे बघत होता.

“झालं का बाई?” पोस्टमननं विचारलं. “पास ना?”

दुपारी तीनला ती खोलीत गेली तेव्हा पडदा ओढलेला होता. हाही नवा नियम, उजेड डोळ्यांवर येतो म्हणून. मोजे त्यानं स्वतः काढून, गुंडाळी करून पलंगाखाली सारले होते. गेल्या आठवड्यात उजव्या मोज्यावर तपकिरी डाग होता. बुटाचा रंग, तो म्हणाला होता. बुटांत जन्म घालवलेल्या बाईनं तो डाग साबण लावून, चोळून धुतला होता आणि तिला काही वाटलं नव्हतं.

“उशीर झाला,” तो म्हणाला. गोळा हातात होताच.

“तू बोलायचं नाहीस, मी ठरवीन उशीर की लवकर.” शब्द नेहमीचे होते. आवाज तिला स्वतःचाच ओळखू येईना.

ती त्याच्या पायांशी बसली. तिला दोन रस्ते दिसत होते. एक म्हणजे नेहमीसारखं सुरू करायचं, तो हसेल, आपण मानू, साडेपाचला चहा. दुसरा तो पोस्टमनचा. पण या खोलीत ठरल्याबाहेरचं काही करायचं नाही, असा शब्द होता. फसवायचं नाही, खोड्या नाहीत, अचानक काही नाही. त्या शब्दाच्या जिवावर तर हा एवढा मोठा माणूस दांडी धरून निमूट पडायचा. तो एकदा मोडला की पुढच्या शनिवारी त्यानं पाय पुढं का करावा? आणि ती चूक निघाली तर? त्याला खरंच लागत असेल, नुसतं निबर झालं असेल, तर तिनं स्वतःच्या हातानं शनिवार मोडून ठेवला. आणि चूक निघाली नाही तर?

तिनं डाव्या हातानं पलंगाची कड धरली. उजवा खांदा उचलला, आरशात नीट दिसेल असा. हात त्याच्या उजव्या तळव्याकडे नेला आणि चार बोटं दूर थांबवला. बोटं हवेत चालवली. भरभर, खालून वर, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. त्याला सर्वांत असह्य व्हायची ती वाट.

“आई गं!” तो ओरडला. “नको, नको, मेलो! अगं सोड!” आणि खदाखदा हसला. पोट हललं, खांदे हलले, पलंग करकरला. पायाची बोटं तेवढी हलली नाहीत. ती शांत होती, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी.

तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

हसणं थोडं पुढं जाऊन थांबलं, उतार संपल्यावर गाडी थांबते तसं.

“का थांबलीस? गोळा आहे अजून हातात.”

“माझा हात कुठं होता?”

“पायावर. आणखी कुठं?”

“कुठल्या?”

त्याचे डोळे आरशाकडे गेले. “उजव्या.”

“अहो,” ती म्हणाली. त्या खोलीनं तो शब्द कधी ऐकला नव्हता. “मी हात लावलाच नव्हता.”

खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाक मारली, दुसऱ्या कुणीतरी ओ दिली. तो उठून बसला नाही. दांडी सोडली नाही. चेहरा मात्र हळूहळू लाल झाला, कामावरची माणसं ज्याला घाबरत तसा.

“म्हणजे तू माझी परीक्षा घेतलीस. इथं.”

“हो.”

“ठरलं होतं, इथं फसवायचं नाही.”

“ठरलं होतं. मी मोडलं. तुम्ही किती शनिवार मोडलंत?”

“मी काय तुझा पेशंट आहे?”

“पेशंट असतात तर पहिल्या आठवड्यात कळलं असतं!” तिचा आवाज चिरकला. “नवरा होतात म्हणून अडीच महिने लागले. मला वाटलं, माझ्यासाठी सोसतायत. मला वाटलं, काय धीराचा माझा माणूस! आणि मास्तरांना झोप लागते त्यावरून मला कळायचं?”

“मास्तरांचा काय संबंध?”

“काही नाही. पाय इकडं करा.”

“एवढं काही नाहीये. जरा बधिर होतात. दिवसभर मशीनच्या खोलीत उभं राहून...”

तिनं उठून पडदा सर्रकन बाजूला केला आणि त्याची उजवी टाच तळहातात घेऊन पाय खिडकीकडे वळवला. अंगठ्याच्या खालच्या उंचवट्यावर, करड्या कातड्यात एक लालसर वर्तुळ होतं, शर्टाच्या बटणाएवढं. कडेनं ओलं. आणि मधोमध काहीतरी चकाकलं. तिनं वाकून बघितलं. पोलादी तार होती. लिफ्टच्या दोराची, झिजून तुटलेली, कुसळाएवढी तार. बुटाच्या तळातून शिरून आत गेलेली.

“हे कधीपासून?”

“काय?”

ती वर बघत राहिली. तो खरंच विचारत होता.

“काय आहे गं?” त्यानं मान उचलली. स्वतःचा तळवा कुणाला दिसतोय? मग त्यानं आरशात बघितलं. ज्या आरशात तो इतके आठवडे तिचा खांदा पाहून हसत होता, त्यात आता त्याला स्वतःचा पाय दिसला. आणि पायातली तार.

“मी यावर चालतोय?” तो म्हणाला. “काल सोळा मजले उतरलो मी.”

तार तिनं तिथं ओढली नाही. ते काम दवाखान्याचं होतं आणि दवाखाना पाचपर्यंत उघडा होता. तेवढा वेळ होता. रोगाच्या नावाचा तो शब्दही तिच्या जिभेवर होता. दिवसातून वीस वेळा ती तो परक्या माणसांना ऐकवायची, न अडखळता, वर बूट कसा जपायचा तेही सांगायची. पण आज तिनं ओठ आवळले. एक अट तिनं मोडली होती, दुसरी मोडायची नव्हती. गोळा ज्याच्या हातात, थांबवायचं त्यानं. तिनं त्याची टाच तशीच तळहातावर तोलून धरली, बाजूच्या नसा दिसत होत्या त्या बघत राहिली, आणि थांबली. घड्याळात साडेतीन वाजून गेले. त्याची मूठ इतकी घट्ट होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. दांडी धरलेला हातही सुटत नव्हता.

“ताईला माहीत आहे?” त्यानं छताकडं बघत विचारलं.

“काय माहीत आहे?”

त्याच्या छातीचा भाता वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

मग मूठ उघडली.

ठण्ण.

गोळा फरशीवर एकदा उसळला, घरंगळत कपाटाखाली गेला आणि भिंतीला लागून थांबला. खालच्या मजल्यावर पलंग कुरकुरला. कुणीतरी खोकलं, नळ सुटला, चहाचं भांडं ओट्यावर आदळलं.

तिनं त्याच्या छातीवर तळवा ठेवला.

“हा लागतो,” तो म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. “हा लागतो मला. पाय...” त्यानं आरशाकडं बघितलं नाही, तिच्याकडं बघितलं. “मला शुगर आहे. अण्णांना होती तीच. तीन वर्षं झाली, रिपोर्ट ऑफिसच्या कपाटात आहे. पायाला तुझा हात लागत नाही गं. हसतो ते आठवून हसतो.”